केकवर संखेड्याचा झोपाळा करायचाय: फाँडंट घेऊ की मॉडेलिंग चॉकलेट?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी,

श्रावण संपता संपता आमच्या आजीची पंचाहत्तरी आहे. देवाधर्माचं, औक्षणाचं बाकीचे बघताहेत, केक मात्र मी करणार असं सांगून बसले आहे. आजीचा निम्मा दिवस दिवाणखान्यातल्या संखेड्याच्या (त्या गावच्या रंगीत लाखकामाच्या लाकडी) झोपाळ्यावर जातो. पोथी तिथेच, भाजी निवडणं तिथेच, दुपारी डोळा लागतो तोही तिथेच. म्हणून केकवर तोच झोपाळा आणि त्यावर हिरव्या नऊवारीतली आजी, असं मनात आहे.

अडचणी अशा. अंडं चालणार नाही, जिलेटिनही चालणार नाही, त्यामुळे मार्शमेलो वितळवून करतात ते फाँडंट (केकवर लाटून चढवतात तो साखरेचा गोळा) बाद. कार्यक्रम बडोद्यातच, दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये आहे आणि तिथला एसी पाहुणे यायच्या जरासा आधी सुरू करतात. बाहेर पाऊस नसला तरी बफारा (दमट उकाडा) असतोच, तो तुम्हाला माहीत आहे.

जिलेटिनऐवजी आगर-आगर घालून थोडं फाँडंट करून पाहिलं. लाटताना कडेला तडे जातात. फ्रिजमधून काढलं की लगेच पाणी सुटून चिकट होतं. मॉडेलिंग चॉकलेट (मूर्ती घडवायला चॉकलेट आणि ग्लुकोज मळून करतात ते) अजून केलेलं नाही. कुणी म्हणतं बडोद्याच्या हवेत तेच बरं, कुणी म्हणतं हात लावला की वितळतं. सगळा केक एकातच करू की दोन्ही वापरू? आणि झोपाळा उभा राहील कसा?

पुण्याचा_खवय्या

शाकाहारी फाँडंट तयार मिळतं, जिलेटिन नसलेलं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. एवढ्या मोठ्या कामात घरी मळत बसायचा त्रास कशाला? आणि मूर्तीबिर्ती न करता झोपाळ्याचा फोटो खाण्याच्या कागदावर छापून लावा, छान दिसतो.

रावपुऱ्याची_काकू

मांजलपूरकर, तू दोन्ही वापर. कुठलं कुठे लावायचं हे एकदा ठरलं की काम निम्मं सोपं होतं. केकवरचं पांघरूण फाँडंटचं. झोपाळ्याचे खांब, आडवी दांडी आणि पाट सीएमसी (फाँडंटला ताण आणणारी खाण्याची पावडर) घालून वाळवलेल्या फाँडंटचे. आजी मॉडेलिंग चॉकलेटची. साडी दोन्हींच्या मिश्रणाची. यामागे कारण आहे. फाँडंट वाळलं की कडक होतं आणि भार घेतं. मॉडेलिंग चॉकलेट तसं वाळत नाही, थंडाव्यात घट्ट राहतं आणि उष्णतेत मऊ पडतं, म्हणून उभे खांब त्याचे केले तर हॉलमध्ये वाकतील. चेहऱ्याला मात्र त्याच्याइतकं चांगलं काही नाही. जोड बोटानं पुसून टाकता येतो, नाक पुन्हा पुन्हा घडवता येतं, आणि खाताना लोक ते बाजूला काढून ठेवत नाहीत.

पुण्याच्या भावांचं म्हणणं पांघरुणापुरतं मला मान्य आहे. आठ इंची केकला पाऊण किलोच्या आसपास फाँडंट लागतं, तेवढं तयार घेतलंस तरी काही बिघडत नाही. फोटोचं मात्र मला पटत नाही. आजीसाठी नातीनं हातानं घडवलेला झोपाळा आणि छापलेला कागद यांत फरक आहे, आणि त्या घरातल्या प्रत्येकाला तो दिसेल.

आता तडे. आगर जिलेटिनसारखं ताणलं जात नाही. त्याची जेली ठिसूळ असते, म्हणून नुसत्या आगरावर भिस्त ठेवली की कड फाटते. ताण येतो तो सीएमसीमुळे. केकच्या सामानाच्या दुकानात पांढऱ्या पुडीत मिळते, कुठे टायलोज म्हणून देतात. माझं प्रमाण सांगते. ८० मिली पाण्यात ५ ग्रॅम आगर पावडर थोडा वेळ भिजव आणि मग खळखळून उकळ. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळतं, आगर उकळल्याशिवाय विरघळत नाही, आणि ते न विरघळलेले कण लाटताना टोचतात. त्यात १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ३० ग्रॅम वनस्पती तूप आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन उन्हाळ्यात मी एक मोठा चमचा घालते, पावसाळ्यात दोन छोटे चमचेच, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मिश्रण गरम असतानाच ते पाऊण किलो आयसिंग शुगर आणि दोन छोटे चमचे सीएमसी यांच्या आळ्यात ओत. चमच्यानं कालव आणि मग ओट्यावर काढून मळ. साखर आणखी किती लागेल हे हवेवर आहे, किलोपर्यंत जाते. हाताला गरम मोदकाच्या उकडीइतकं मऊ लागलं की थांब. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून आधीच साखर कोंबू नकोस. वनस्पतीचा हात लावून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ आणि रात्रभर बाहेरच ठेव. सीएमसीला पाणी शोषायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. सकाळी पुन्हा मळलंस की कडा फाटणार नाहीत.

साखरेचं एक. आयसिंग शुगर विकतचीच घे. तिच्यात थोडा कॉर्नस्टार्च असतो आणि दळण अगदी बारीक असतं. घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर किंवा लाडवासाठी आणतो ती तगार इथे चालत नाही, दाणा राहतो.

पाणी सुटण्याचं कारण मळण्यात नाही, फ्रिजमध्ये आहे. गार वस्तू दमट हवेत आली की हवेतली वाफ तिच्यावर बसते, आणि फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, ती ते पाणी पिऊन विरघळायला लागते. म्हणून फाँडंटचा केक फ्रिजमध्ये ठेवायची वेळच येऊ नये असा केक कर. आत व्हिप्ड क्रीम नको, ताजी फळं नकोत. क्रीमवर फाँडंट चढवलं की ते खालूनही ओलं होतं आणि घसरतं. गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, लाव. डार्क कंपाउंड (कोको बटर नसलेलं चॉकलेट) असेल तर क्रीमच्या अडीच पट, पांढरं असेल तर तिप्पट वजनानं. लावून, कडा सरळ करून रात्रभर एसीच्या खोलीत घट्ट होऊ दे. दुसऱ्या दिवशी त्यावर साखरपाण्याचा अगदी हलका हात फिरव म्हणजे फाँडंट धरेल. आठ इंच रुंद आणि चार इंच उंच केकला सोळा इंचांचा गोल लागतो, तू सतरा लाट, जाडी चार मिलिमीटर. लाटताना खाली कॉर्नफ्लोअर भुरभुरव, पण थोडंच. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात मी कॉर्नफ्लोअरऐवजी वनस्पतीचा हात लावते, नाहीतर पृष्ठभाग सुकून हत्तीच्या कातडीसारखा होतो. आत्ता तो प्रश्न नाही.

मॉडेलिंग चॉकलेटचं सविस्तर संध्याकाळी लिहिते, शिकवणीची मुलं आली.

मांजलपूरकर

काकू, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. ग्लिसरीन मी मोठे दोन चमचे घातलं होतं, कृतीत तसंच होतं. संध्याकाळची वाट बघते. तोवर एक विचारते: लाडूचा डिंक सीएमसीच्या जागी चालेल का? घरात भरपूर आहे.

लाकूडकाम_वाला

केकमधलं मला काही कळत नाही, पण संखेड्याचं काम जवळून पाहिलं आहे म्हणून लिहितो. रंग जमला नाही तर तो झोपाळा कुठलाही झोपाळा दिसेल. संखेडा आता छोटा उदेपूर जिल्ह्यात येतं, २०१३ पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथले खरादी सागवानाचे पाय खरादावर फिरवतात आणि त्यावरच्या कड्या, लाटा, गाठी फिरत्या लाकडावर हत्यार टेकवून काढतात. पारंपरिक रंग म्हणजे लालसर तपकिरी, आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. गंमत अशी की ती वेलबुट्टी मुळात सोनेरी नसते. कथलाच्या रंगानं काढतात, ती रुपेरी असते. वरून लाखेचा थर चढला की तिला सोन्याची झाक येते. आता काळे, निळे, हिरवे झोपाळेही करतात, पण आजीच्या पिढीच्या घरात बहुधा तो लालसर तपकिरीच असणार.

रावपुऱ्याची_काकू

लाकूडकामवाले, फार चांगलं केलंत हे लिहून. यावरून मला खांब करायची रीतच सुचली, ती खाली सांगते.

आधी डिंक. लाडूचा डिंक फाँडंटमध्ये घालू नकोस, त्यानं ताण येत नाही. पण तो फेकूही नको. बाभळीचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतलास की तोच तुझा गोंद. हात, डोकं, पाटाची कड, सगळं त्यानं चिकटतं आणि खाण्यालाही हरकत नाही. पूर्वी साखरकामाचे विलायती कारागीर फुलं-पाकळ्यांच्या पिठात ट्रॅगाकान्थ नावाचा डिंक घालायचे, तो वेगळ्या झाडाचा. आज त्याच्या जागी सीएमसी आली, ती स्वस्तही पडते.

मॉडेलिंग चॉकलेट. चेहरा-हातांसाठी पांढरं कंपाउंड ४०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम. डार्कचं करायचं तर ३०० ग्रॅमला १००. कंपाउंड म्हणजे ज्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते ते. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधीच मऊ पडायला लागतं, म्हणजे आपल्या तळहातातच. चव खऱ्याची चांगली, हे मी मान्य करते, पण बडोद्यात मूर्तीसाठी मी कंपाउंडच घेते.

चॉकलेट वितळवून कोमट होऊ दे. ग्लुकोज वेगळ्या वाटीत गरम पाण्यावर ठेवून पातळ कर. दोन्ही साधारण सारखी कोमट असताना एकत्र कर. गरम ग्लुकोज गार चॉकलेटमध्ये घातलं की गाठी, आणि दोन्ही फार गरम असली की तेल सुटतं. मग स्पॅट्युलानं फक्त उलटवत जा. ग्लुकोजमधल्या पाण्यानं चॉकलेट आखडतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. कडा सोडून गोळा झाला, चमक गेली की तिथेच हात थांबव. याच्या पुढे चमचा फिरवलास की चरबी वेगळी होते आणि गोळा तेलकट, भुसभुशीत होतो. तसं झालंच तर टाकू नकोस. प्लास्टिकमध्ये गुंडाळून गार होऊ दे आणि मग मळ, बरंचसं तेल परत आत जातं. चपटा करून, गुंडाळून रात्रभर बाहेर ठेव. सकाळी दगडासारखा लागेल. छोटे तुकडे करून तळहातात मळलेस की मऊ होतो.

हाताच्या उष्णतेचं म्हणतात ते खरं आहे. एका वेळी एकच भाग घडव आणि बाकीचे तुकडे झाकून ठेव. शेजारी बर्फाच्या पाण्याचं पातेलं ठेव, अधूनमधून हात बुडवून कोरडे पुस. अगदी कोरडे, पाण्याचा थेंब त्यात जाता कामा नये. रंग जेलचा किंवा पावडरचा, भाजीवाल्या पाणीदार रंगांना हात लावू नकोस. त्वचेसाठी पांढऱ्यात डार्कचा अगदी चिमटाभर मळ. बाजारातल्या त्वचेच्या रंगाच्या गुलाबी बाटलीपेक्षा आपल्या माणसांच्या वर्णाला तेच शोभतं.

अंबाड्याचे केस सोऱ्यात काढ. बारीक शेवेची चकती लाव आणि पांढऱ्या-करड्या फाँडंटमध्ये थोडं जास्त वनस्पती मळून दाब. धागे निघतील ते डोक्यावर मागे वळवून अंबाडा घाल. साडीला निम्मं फाँडंट, निम्मं मॉडेलिंग चॉकलेट मळ. नुसतं फाँडंट निऱ्या घालेपर्यंत सुकतं, नुसतं चॉकलेट दीड मिलिमीटर लाटलं की फाटतं, एकत्र केलेलं दोन्ही सहन करतं. काठाची पट्टी करंज्यांच्या कातण्यानं कापलीस तर कड आपोआप नक्षीदार होते.

आता झोपाळा. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री करायचं काम नाही हे. पाव किलो फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी जास्तीची मळून घे. आपल्या पावसाळी हवेत ते वाळायला तीन-चार दिवस धर. एसीच्या खोलीत, पंख्याखाली, जाळीवर ठेव आणि रोज उलटव. ओव्हनमध्ये वाळवायचा मोह झाला तरी नको, वाकतं.

तो लालसर तपकिरी रंग पांढऱ्या फाँडंटमधून काढायला गेलीस तर लाल जेल ओतत बसशील. त्यानं चव कडू होते आणि गोळा चिकट. त्याऐवजी आधी कोको पावडर मळून फाँडंट तपकिरी कर आणि मग लाल घाल, थोडक्यात काम होतं. लाल रंग रात्रभरात आणखी गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा जरा फिकाच सोड.

खांब असे कर. लाकडी स्क्युअरला पाण्याचं बोट लाव, त्यावर फाँडंटची वळी चढवून ओट्यावर फिरवत एकसारखी कर. मग फिरवता फिरवताच सुरीची बोथट कड आडवी टेकव. जिथे टेकवशील तिथे कडी पडेल. खरादी लाकडावर जे करतो तेच झालं. स्क्युअर खाली अडीच-तीन इंच मोकळी ठेव. केकमध्ये आधी जाड स्ट्रॉ खोचायच्या आणि त्यात या काड्या उतरवायच्या, म्हणजे लाकूड केकला लागत नाही आणि कापायच्या आधी सगळा सांगाडा सरळ वर उचलता येतो.

झोपाळ्याच्या कड्यांवर पाटाचा भार टाकूच नकोस. कड्या नुसत्या दिसायला. पाट खालून टेकलेला हवा. तू लिहिलंस ना की आजी झोपाळ्यावर भाजी निवडते, मग पाटाखाली भाजीची परडी ठेव. परडीच्या आत स्ट्रॉचा तुकडा उभा असेल, तो पाट धरेल, आणि समोरून बघणाऱ्याला फक्त मेथीची जुडी दिसेल.

वेलबुट्टीला खाण्याची लस्टर डस्ट, म्हणजे चमकदार पावडर, घे. पुडीवर खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं बिनविषारी लिहिलेली चमकी शोभेच्या कामाची असते, ती पोटात जायची नाही. विलायती कृतींत ती व्होडकात कालवतात, कारण मद्य उडून जातं आणि फाँडंट ओलं राहत नाही. आपल्या राज्यात तो विषय नाही, आणि लागतही नाही. वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंडनं बारीक कोनातून वेल काढ. तो घट्ट झाला की वनस्पतीत बुडवून पुसलेला ब्रश त्यावरून फिरव आणि मग कोरड्या ब्रशनं सोनेरी पावडर लाव. उठावदार वेल येईल.

लाकूडकाम_वाला

काकू, खांबावरून लाखेसारखी चकाकी हवी असेल तर? खरा संखेडा आरशासारखा चमकतो.

रावपुऱ्याची_काकू

मिठायांना लावायचं खाण्याचं ग्लेझ मिळतं, आणि बऱ्याचदा ते लाखेचंच असतं. पदार्थांच्या यादीत त्याचा क्रमांक ९०४. पण लाख किड्यापासून येते, कडक शाकाहारी माणसांना ते आवडत नाही. मांजलपूरकरच्या घरी जिलेटिनसुद्धा चालत नाही, तिथे मी ते लावणार नाही. खांब पूर्ण वाळल्यावर डिंकाच्या पातळ पाण्याचा एक हात दे आणि पंख्याखाली पुन्हा वाळव. आरशाइतकी नाही, पण छान चमक येते.

अकोटा_गार्डन

गाडीतून नेण्याबद्दल मी सांगते, कारण मांजलपुरातून दांडिया बाजारात संध्याकाळच्या गर्दीत यायचं आहे. झोपाळा आणि आजी वेगळ्या खोक्यात न्या आणि हॉलवर बसवा. केक मागच्या सीटवर मांडीत नको, सीट तिरकी असते. डिकीच्या सपाट तळावर रबरी जाळी अंथरून ठेवा. पण डिकीत एसी पोचत नाही, म्हणून निघण्याआधी गाडी चांगली गार करून घ्या आणि मधला पडदा काढता येत असेल तर काढा. केकचं खोकं पुठ्ठ्याचंच असू द्या.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. परडीची कल्पना आईला सांगितली, ती म्हणाली मेथीबरोबर गवारही ठेव, आजी गवार निवडतानाच सगळ्यांना गोष्टी सांगते.

काकू, दोन शंका राहिल्या. आजीचं डोकं धडावर टूथपिकनं बसवू का? भाचरं लहान आहेत, कुणी चावलं तर भीती वाटते. आणि हॉलचा एसी उशिरा सुरू झाला तर?

रावपुऱ्याची_काकू

टूथपिक नको. कच्ची स्पॅगेटी घे आणि तिचा तुकडा खोच. ती भार घेते आणि दाताखाली आली तरी नुसती मोडते. धड बसकं कर, खाली रुंद आणि वर निमुळतं. मांडी घातलेली आजी कर, पाय सोडलेली नको, म्हणजे सगळं वजन पाटावर बसतं. डोकं आधी कर आणि रात्रभर घट्ट होऊ दे. ताज्या मऊ धडावर ताजं डोकं ठेवलं की ते खाली बसतं आणि मान नाहीशी होते.

एसीचं आजच हॉलवाल्यांशी बोलून ठेव. नाहीच जमलं तर केक आणि झोपाळा आधी मांड, त्यांना थोडा वेळ उष्णता तेवढी बाधत नाही. आजी मात्र बंद डब्यात, बाहेरून बर्फाच्या पिशव्या लावून ने आणि औक्षणाची ताम्हनं निघाली की मगच बसव. डबा फोडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बर्फातून काढून बंदच राहू दे. ओलावा डब्याच्या बाहेरच्या बाजूला धरेल, आजीच्या चेहऱ्यावर नाही. निरांजनं केकपासून हातभर लांब ठेवायला सांग, पंचाहत्तर ज्योतींची आच थोडी नसते. आणि सुरी लावायच्या आधी चारही स्क्युअर आणि सगळ्या स्ट्रॉ मोजून बाहेर काढ. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस.